'समुद्रात वाया जाणारं पाणी' खरंच वाया जातं का? धाराशिवचं शेत आणि बंगालच्या उपसागराचा हिशोब

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि धाराशिव जिल्ह्यातल्या भूम-परांडा पट्ट्यात सीना नदीने पात्र सोडलं. पुरात अडकलेल्यांना काढण्यासाठी एनडीआरएफच्या बोटी आणि हेलिकॉप्टर आणावे लागले. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं, जनावरं वाहून गेली आणि अनेक ठिकाणी शेतातली मातीच खरडून गेली.

७ ऑक्टोबरला राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि मनरेगातून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतच्या कामांची तरतूद होती. पिकाच्या नुकसानीसोबत मातीच्या नुकसानीचीही वेगळी किंमत धरली गेली.

पण शेतातून गेलेली ती माती, आणि तिच्यासोबत गेलेलं खत, शेवटी पोहोचलं कुठे?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मराठवाड्याच्या पाण्याच्या राजकारणातला एक नेहमीचा शब्दप्रयोग तपासून पाहावा लागतो. 'समुद्रात वाया जाणारं पाणी' हे शब्द प्रत्येक दुष्काळात, प्रत्येक निवडणुकीत आणि नदीजोडच्या प्रत्येक चर्चेत ऐकू येतात. समुद्राच्या रसायनशास्त्राकडे पाहिलं तर मात्र वाया काय जातं, याचं उत्तर वेगळं मिळतं.

धाराशिवचं पाणी कोणत्या समुद्रात जातं?

नकाशावर धाराशिवपासून कोकणचा किनारा सरळ रेषेत साधारण ३०० किलोमीटरवर आहे. बंगालच्या उपसागराचा किनारा जवळजवळ दुप्पट लांब आहे. तरीही जिल्ह्यात पडलेल्या पावसाचा एक थेंबही नदीवाटे अरबी समुद्रात जात नाही. मध्ये सह्याद्री उभा आहे आणि जमिनीचा उतार पूर्वेकडे आहे.

जिल्ह्यातून जाणारी बालाघाटची डोंगररांग हे पाणी दोन खोऱ्यांत वाटते. एका बाजूचं पाणी गोदावरीकडे, दुसऱ्या बाजूचं कृष्णेकडे.

तेरणा नदी धाराशिव जिल्ह्यातच उगम पावते, माकणीच्या निम्न तेरणा धरणात थांबते आणि पुढे मांजराला मिळते. मांजरा कर्नाटकातून तेलंगणात जाते आणि कंदकुर्तीला गोदावरीत मिसळते. गोदावरी राजमहेंद्रीजवळचा धवळेश्वरमचा बंधारा ओलांडून समुद्र गाठते.

दुसऱ्या बाजूला परांडा-भूमचं पाणी सीनेत जातं. सीना दक्षिण सोलापुरात हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते. शके ९४० चा मराठी शिलालेख जिथल्या देवळात आहे, तोच हा संगम. नळदुर्गच्या किल्ल्यात अडवलेली बोरी नदीही पुढे भीमेकडेच जाते. भीमा रायचूरजवळ कृष्णेत आणि कृष्णा विजयवाड्याच्या खाली बंगालच्या उपसागरात मिसळते.

म्हणजे कळंबच्या शेतातलं पाणी गोदावरीच्या मुखाशी आणि परांड्याचं पाणी कृष्णेच्या मुखाशी, पण दोन्ही एकाच उपसागरात पोहोचतात.

नदी पाण्यासोबत काय नेते?

नदीचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी त्यात खडक विरघळलेला असतो.

पावसाचा थेंब हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतो. हे सौम्य आम्ल दख्खनच्या काळ्या खडकावर, म्हणजे बेसॉल्टवर, काम करत राहतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून तयार झालेला हा खडक इतर अनेक खडकांपेक्षा लवकर विरघळतो. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका पाण्यात उतरतात, तर हवेतला कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात पाण्यात अडकतो.

याचा पुरावा धाराशिवच्या घराघरांत आहे. बोअरच्या पाण्याने हंड्यावर किंवा गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर, काळ्या रानात नांगराला लागणारी चुनखडी, 'जड' पाण्यात न शिजणारी डाळ, ही सगळी याच प्रक्रियेची रूपं आहेत.

बाकीचं विरघळलेलं द्रव्य नदी समुद्राला नेऊन देते. हवेतला कार्बन हळूहळू काढून समुद्रात पाठवणारी पृथ्वीवरची ही एक मोठी यंत्रणा आहे आणि दख्खनचं पठार तिचा महत्त्वाचा भाग आहे.

नद्या गोड्या, मग समुद्र खारट कसा?

एक किलो समुद्राच्या पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातला सुमारे ८५ टक्के वाटा फक्त क्लोराइड आणि सोडियमचा, म्हणजे आपल्या मिठाच्या दोन घटकांचा. नदीच्या पाण्यात मात्र कॅल्शियम आणि बायकार्बोनेट आघाडीवर असतात. मग समुद्रात गेल्यावर हा क्रम का बदलतो?

कारण समुद्र सगळं सारखं साठवत नाही. शंख, शिंपले, प्रवाळ आणि सूक्ष्म जीव कॅल्शियम उचलून त्याची कवचं बनवतात आणि मेल्यावर ती तळाशी जातात. त्यामुळे कॅल्शियमचा एक कण समुद्रात सरासरी दहा लाख वर्षांच्या आसपास राहतो. सोडियमला कोणी फारसं वापरत नाही, म्हणून तो कोट्यवधी वर्षं तिथेच राहतो आणि साठत जातो.

नत्र, स्फुरद आणि सिलिका यांची गोष्ट याच्या उलट आहे. समुद्राच्या पृष्ठभागावर ही द्रव्यं इतक्या लवकर खाल्ली जातात की ती जवळपास संपलेलीच असतात. शेतात जसं खत, तसं समुद्रात हे. समुद्रातलं गवत म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय वनस्पती, ज्यांना प्लवक म्हणतात. त्यांच्यावर कोळंबीपासून सुरमईपर्यंत सगळी साखळी उभी असते.

अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ पासून केलेल्या कामातून या प्लवकांच्या आहाराचं एक प्रमाण पुढे आलं. स्फुरदाच्या एका अणूमागे नत्राचे १६ आणि कार्बनचे १०६ अणू. शेतकरी ज्याला एनपीके म्हणतात, त्याचाच हा समुद्री अवतार. डायटम नावाच्या प्लवकांना याशिवाय सिलिकाही लागते, कारण त्यांचं कवच काचेसारखं असतं. ही सिलिका त्यांना मुख्यतः नद्यांकडून, म्हणजे बेसॉल्टसारख्या खडकांकडून मिळते.

म्हणून नदी समुद्राला किती पाणी देते यापेक्षा कोणत्या प्रमाणात काय देते, हे जास्त महत्त्वाचं ठरतं. आणि गेल्या काही दशकांत हेच प्रमाण बिघडलं आहे.

युरियाच्या गोणीतलं किती नत्र पिकाला मिळतं?

युरियाची गोणी ४५ किलोची असते. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे एका गोणीत साधारण २०.७ किलो. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. हे सगळं युरियातून द्यायचं म्हटलं तर एका हेक्टरला १२ गोण्या लागतात.

सोयाबीनचं तसं नाही. त्याच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतलं नत्र पकडतात. त्यामुळे पेरणीच्या वेळी हेक्टरी ३० किलोच्या आसपास, म्हणजे जेमतेम दीड गोणी युरियाइतकं नत्र पुरेसं मानलं जातं. तरीही पीक पिवळं दिसलं की वरून युरिया टाकण्याची सवय अनेक गावांत आहे.

टाकलेल्या नत्रातलं पिकाला मिळतं ते बहुतेक वेळा निम्म्याहून कमी. बाकीच्याचं काय होतं?

मातीत युरियाचं आधी अमोनियम आणि मग नायट्रेट होतं. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि नायट्रेटवरही ऋणच. त्यामुळे काळी माती अमोनियम धरून ठेवते, पण नायट्रेट तिच्या हातून सुटतं. जोराचा पाऊस आला की ते पाण्यासोबत खाली विहिरीत किंवा बाजूला ओढ्यात जातं.

आणखी एक वाट आहे आणि समुद्राची गोष्ट समजण्यासाठी ती लक्षात ठेवायला हवी. शेतात चार-पाच दिवस पाणी साचलं की मातीतली हवा संपते. मग तिथले काही जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरू लागतात. त्या नायट्रेटचा वायू होऊन तो हवेत निघून जातो. पाणी साचलेलं रान पिवळं पडण्यामागे मुळांना हवा न मिळणं हे जसं कारण असतं, तसंच खत असं उडून जाणं हेही असतं.

या गळतीची पहिली किंमत गावालाच मोजावी लागते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलीग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या गुणवत्ता अहवालात महाराष्ट्रातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक नमुने या मर्यादेच्या वर होते. देशातल्या सर्वाधिक बाधित जिल्ह्यांच्या यादीत शेजारच्या बीडचं नाव होतं. यात खतासोबत सांडपाण्याचा आणि जनावरांच्या मलमूत्राचाही वाटा असतो.

असं पाणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी सर्वांत धोकादायक ठरतं. नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाण्याची वाफ झाल्याने उलट त्याचं प्रमाण वाढतं. वरचं दूध करताना पाणी उकळून घेतलं म्हणजे झालं, हा समज म्हणूनच इथे उपयोगाचा नाही.

वाटेतली धरणं काय थांबवतात आणि काय सोडतात?

सीनेतून निघालेली माती समुद्रापर्यंत जाईलच असं नाही. बहुतेक माती जातच नाही.

परांडा तालुक्यातच सीना-कोळेगाव धरण आहे. पुढे भीमा-कृष्णेवर जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर, पुलिचिंतला आणि शेवटी विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा. मांजरेच्या वाटेवर धनेगावचं मांजरा धरण, निजामसागर आणि गोदावरीवर श्रीरामसागर. पाणी संथ झालं की गाळ खाली बसतो. गाळ बसलेल्या नितळ पाण्यात धरणातलेच डायटम वाढतात, नदीतली सिलिका वापरतात आणि तीही तळाशी जाते.

नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळलेलं असतं. त्यातलंही काही धरणांत खर्च होतं, पण पुरात दरवाजे उघडले की उरलेलं पाण्यासोबत पुढे जातं. शिवाय प्रत्येक धरणाच्या खाली नवं सिंचन क्षेत्र आणि नवी शहरं आहेत. त्यांचं खत आणि सांडपाणी नदीत भर घालतच राहतं.

परिणाम असा की समुद्राला पूर्वीपेक्षा गाळ आणि सिलिका कमी, तर नत्र जास्त मिळतं.

पाणीही कमी झालं आहे. कृष्णा खोऱ्यावरच्या एका अभ्यासानुसार १९०१ ते १९६० या काळात ही नदी वर्षाला सरासरी ५७ अब्ज घनमीटर पाणी समुद्रात सोडत होती. १९९० ते २००१ मध्ये हा आकडा २१ अब्ज घनमीटरवर आला. दुष्काळी वर्षांत तर तो जवळपास शून्याकडे जातो. जलतज्ज्ञ अशा खोऱ्याला 'बंद होत चाललेलं खोरं' म्हणतात. म्हणजे कृष्णेचं पाणी समुद्रात 'वाया' जाण्याचं प्रमाण आधीच निम्म्याहून खाली आलेलं आहे.

असा बदल झाल्यावर समुद्रात काय घडू शकतं याचं एक उदाहरण युरोपात आहे. डॅन्यूब नदीवर १९७२ मध्ये 'आयर्न गेट्स' धरण पूर्ण झालं. त्यानंतर काळ्या समुद्राला मिळणारी सिलिका घटली, खताचं नत्र मात्र येत राहिलं आणि डायटमच्या जागी इतर शेवाळांचे तवंग वाढले, असं शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये मांडलं. मासेमारीला त्या काळात मोठा फटका बसला होता.

बंगालचा उपसागर 'काठावर' का आहे?

भारताच्या दोन्ही बाजूंच्या समुद्रांत साधारण दीडशे मीटरच्या खाली एक असा जाड थर आहे, जिथे ऑक्सिजन फारच कमी असतो. वरून मेलेलं प्लवक खाली पडतं, जिवाणू ते कुजवतात आणि त्यात ऑक्सिजन खर्च होतो. हवेशी संपर्क नसल्याने तो लवकर भरून येत नाही. पाणी साचलेल्या रानासारखीच ही स्थिती.

अरबी समुद्रात हा थर जवळपास पूर्ण ऑक्सिजनशून्य आहे. तिथले जिवाणू नायट्रेटवर श्वास घेतात आणि समुद्रातलं नत्र वायू होऊन हवेत जातं. असं मोठ्या प्रमाणावर घडणाऱ्या जगातल्या तीन प्रमुख जागांपैकी ही एक आहे. या प्रक्रियेत नायट्रस ऑक्साइडही तयार होतो आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ करणारा वायू आहे.

बंगालच्या उपसागरात हे का होत नाही, हे अनेक वर्षं कोडं होतं. २०१७ मध्ये जर्मनीतली माक्स प्लांक संस्था आणि गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था यांच्यासह काही संस्थांच्या शास्त्रज्ञांनी 'नेचर जिओसायन्स' या नियतकालिकात त्याचं उत्तर दिलं. नेहमीच्या उपकरणांना शून्य वाटणाऱ्या त्या थरात त्यांना अत्यंत संवेदनशील उपकरणांनी ऑक्सिजनचा अगदी पुसटसा अंश सापडला. नत्र उडवणारे जिवाणू तिथे आहेत, पण तो पुसटसा अंश त्यांना रोखून धरतो. तो संपला तर बंगालचा उपसागरही अरबी समुद्राच्या वाटेने जाऊ शकतो, असा या अभ्यासाचा अर्थ होता.

हा अंश टिकून राहण्यामागे दोन कारणं सांगितली जातात. एक म्हणजे नद्यांचं गोडं पाणी. ते हलकं असल्याने खाऱ्या पाण्यावर झाकणासारखं पसरतं. त्यामुळे खालचं पोषक पाणी वर येत नाही, प्लवक मर्यादित वाढतं आणि कुजायला खाली कमी पडतं. दुसरं कारण म्हणजे नद्यांचा गाळ. मातीचे जड कण मेलेल्या प्लवकाला चिकटतात आणि त्याला भराभर तळाशी नेतात. मधल्या थरात कुजायला वेळच कमी मिळतो.

म्हणजे नदीचं पाणी आणि गाळ या उपसागराला सांभाळून आहेत, असं म्हणता येतं. नद्यांमधून वाढत जाणारं नत्र मात्र या व्यवस्थेवर ताण आणतं.

इथे प्रमाणाचं भान ठेवायला हवं. या उपसागरातलं सर्वाधिक पाणी आणि गाळ गंगा-ब्रह्मपुत्रेतून येतो. कृष्णा-गोदावरीचा वाटा त्या तुलनेत लहान आणि धाराशिवचा तर फारच लहान. एका जिल्ह्याच्या युरियाने उपसागर बदलत नाही. पण या समुद्राला मिळणाऱ्या नद्यांच्या काठी असे शेकडो जिल्हे आहेत आणि प्रत्येकाची गोष्ट साधारण अशीच आहे.

कोकण-गोव्याजवळ काय दिसलं?

पश्चिम किनाऱ्यावर याची पुढची पायरी दिसून गेली आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली आणि तिचं मुख्यालय गोव्यात दोना पावलाला आहे. तिथले वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, पश्चिम किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात तळाचं पाणी ऑक्सिजनशून्य होतं, असं त्यात नोंदवलं होतं.

काही ठिकाणी तर नायट्रेटही संपून जिवाणू सल्फेट वापरू लागले होते. त्यातून सडक्या अंड्यासारख्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. नायट्रस ऑक्साइडचं प्रमाणही तिथे असाधारण वाढलेलं होतं.

खोलवरचं कमी ऑक्सिजनचं पाणी पावसाळ्यात वर येणं ही या किनाऱ्यावरची नैसर्गिक घटना आहे. पण ती तीव्र होण्यामागे जमिनीवरून येणाऱ्या नत्राचा हात असू शकतो, असं या शास्त्रज्ञांनी तेव्हाच सुचवलं होतं. तळाशी राहणारे मासे आणि कोळंबी अशा पाण्यात टिकत नाहीत.

समुद्र धाराशिवला परत काय देतो?

गोड्या पाण्याच्या झाकणाचा आणखी एक परिणाम आहे आणि तो थेट मराठवाड्याशी जोडलेला आहे. झाकणामुळे खालचं थंड पाणी वर येत नाही, म्हणून बंगालच्या उपसागराचा पृष्ठभाग पावसाळ्यातही २८ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून उबदार राहतो. या उबेवर कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात आणि पश्चिमेकडे सरकतात.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या धाराशिवला अरबी समुद्राकडून येणाऱ्या ढगांचा थोडाच वाटा मिळतो. ऑगस्ट-सप्टेंबरचा पाऊस बराचसा या पूर्वेकडून येणाऱ्या प्रणालींवर अवलंबून असतो. त्या आल्या नाहीत तर सोयाबीनच्या शेंगा भरत नाहीत आणि रब्बीच्या ज्वारीला ओल राहत नाही. त्या पाठोपाठ आल्या तर २०२५ सारखं होतं. त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातही अशीच एक प्रणाली ओडिशाच्या किनाऱ्यावरून आत शिरली होती.

समुद्राकडे जाणारं गोडं पाणी तिथली ऊब टिकवतं आणि ती ऊब पावसाच्या रूपाने पठारावर परत येते. हे चक्र एका नदीवर चालत नाही, पण नद्यांशिवायही चालत नाही.

मग 'वाया जाणारं पाणी' म्हणणं चूक आहे का?

हे शब्द ज्या अनुभवातून येतात, तो अनुभव खोटा नाही. २०१६ मध्ये मांजरा धरण आटलं आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथल्या माणसाला समुद्रात जाणारं पाणी वाया गेलंय असं वाटणं स्वाभाविक आहे. कोकणातल्या पश्चिमवाहिनी नद्यांचं पाणी गोदावरी खोऱ्यात वळवण्याच्या योजनेकडे मराठवाडा आशेने पाहतो, तो याचमुळे.

पाणी साठवणं किंवा वळवणं हा गुन्हा नाही. चूक हिशोबात आहे. समुद्रात गेलेल्या पाण्याची किंमत शून्य धरली की त्याने सांभाळलेली मासेमारी, गाळावर टिकून असलेले कृष्णा-गोदावरीचे त्रिभुज प्रदेश आणि समुद्रातला ऑक्सिजन, हे सगळं कागदावरून गायब होतं.

आणि जे खरोखर वाया जातं, त्याची नोंद त्याच हिशोबात कुठेच नसते. शेतकऱ्याने पैसे मोजून आणलेलं आणि सरकारने त्याहून कितीतरी जास्त अनुदान दिलेलं नत्र वाया जातं. शेकडो वर्षांत तयार झालेली वरची इंचभर माती वाया जाते. नत्र विहिरीत गेलं तर बाळाला घातक, समुद्रात गेलं तर ऑक्सिजनला. माती धरणात अडकली तर धरणाची साठवण कमी करते आणि समुद्राला मिळायची तीही मिळत नाही.

काय करता येण्यासारखं आहे?

यातल्या बहुतेक उपायांसाठी समुद्रापर्यंत जाण्याची गरज नाही.

पहिला उपाय खताचा. मातीपरीक्षण करून मात्रा ठरवणं, नत्र एकदम न टाकता हप्त्याने देणं, मोठ्या पावसाच्या अंदाजाच्या आदल्या दिवशी युरिया न फेकणं आणि उसाला ठिबकमधून खत देणं. सोयाबीनला बियाण्यावर रायझोबियम चोळलं तर वरून युरिया टाकण्याची गरज सहसा पडत नाही. २०१५ पासून देशात युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा आहे. त्यामागचा एक हेतू नायट्रेट होण्याचा वेग कमी करण्याचाच होता.

दुसरा उपाय मातीचा. बांध, समतल चर आणि ओढ्याच्या कडेला गवताचा पट्टा. गवताची मुळं ओढ्यात जाणारं नायट्रेट वाटेतच उचलतात आणि गाळही अडवतात.

तिसरा उपाय राज्यात आधीच सुरू आहे. २०१७ मध्ये आलेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावात बसलेला गाळ शेतकऱ्यांनी उचलून रानात टाकायचा असतो. ही योजना पाणीसाठा वाढवण्यासाठी आली, पण वाहून गेलेली माती आणि तिच्यातलं स्फुरद परत शेतात आणण्याचं कामही ती करते. २०२५ च्या पुरानंतर खरडलेल्या रानांसाठी तिचं महत्त्व आणखी वाढलं आहे.

चौथा उपाय नगरपालिकांच्या हातात आहे. ओढ्यात सोडलं जाणारं सांडपाणी हाही नत्राचा मोठा स्रोत आहे आणि तो शेतकऱ्याच्या माथी मारता येत नाही.

यापैकी काहीही केलं तर त्याचा फायदा आधी गावाला होतो. खताचा खर्च वाचतो, विहिरीचं पाणी सुधारतं, रान टिकतं. बंगालच्या उपसागरातल्या त्या पुसटशा ऑक्सिजनला होणारी मदत ही त्यानंतरची आणि इतर शेकडो जिल्ह्यांच्या सोबतीने होणारी.

पुढच्या पावसाळ्यात सीनेला पूर आला की पुलावर उभं राहून गढूळ पाण्याकडे पाहणारे लोक पुन्हा म्हणतील, 'एवढं पाणी वाया चाललंय.' त्या पाण्याला समुद्रात काम आहे. त्याचा रंग ज्या मातीने गढूळ झालाय आणि त्यात न दिसणारं जे खत विरघळलंय, ते मात्र परांड्याच्या शेतातच राहायला हवं होतं.